दोन नावांचं शहर, सत्तर लाख स्कूटर्स

सायगाव म्हणा नाहीतर हो ची मिन्ह सिटी. पाठीवर सॅक टाकून चार-पाच दिवस मनसोक्त भटकावं असं हे शहर आहे. स्वस्त, चटपटीत, कधीच न झोपणारं. पण इथल्या प्रत्येक दुसऱ्या वळणावर एक युद्ध उभं असतं, आणि पाटीवर त्याची अर्धीच गोष्ट लिहिलेली असते.

रस्ता ओलांडणं ही इथली पहिली परीक्षा. दादर टीटीला नाहीतर स्वारगेटला ज्याचं आयुष्य गेलंय, त्याला वाटतं की आपल्याला कोण काय शिकवणार? पण सायगावात फुटपाथच्या कडेला उभं राहिलं की सगळा माज उतरतो. समोरून स्कूटर्स येत असतात. दहा, वीस, शंभर नव्हे, नुसत्या येतच असतात. एकीवर आख्खं चौकोनी कुटुंब, दुसरीवर फ्रीज, तिसरीवर पिंपभर जिवंत मासे. शहरात नोंदवलेल्या दुचाकींचा आकडा ७० लाखांच्या वर आहे, आणि त्या सगळ्या आत्ता याच सिग्नलला आल्यात याची तुमची खात्री पटते.

फंडा सोपा आहे. थांबायचं नाही, पळायचं नाही आणि मागे तर अजिबात फिरायचं नाही. एकाच संथ चालीनं चालत राहायचं. स्कूटरवाले तुमचा अंदाज घेतात आणि तुमच्या पुढून-मागून निघून जातात. कुणी शिवी देत नाही, कुणी बघतही नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत तुम्ही हातात कॉफी घेऊन रस्ता ओलांडायला लागता.

सॅक कुठे टेकवाल?

बॅकपॅकर्सचा अड्डा म्हणजे फाम न्गु लाओ आणि त्याला लागून असलेला बुई व्हिएन रस्ता. गल्लीत गल्ली, त्या गल्लीत हॉस्टेल, हॉस्टेलच्या खाली सिमकार्ड, लाँड्री आणि टूरची तिकिटं विकणारी एकच बाई. बुई व्हिएनवर संध्याकाळी छोट्या प्लॅस्टिकच्या स्टुलांवर अख्खं जग येऊन बसतं. दणदणाट असा की शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागतं. झोप प्यारी असेल तर खोली मागच्या गल्लीत घ्या.

सकाळ मात्र कॉफीची. पेल्यावर ठेवलेला तो छोटासा फिल्टर, खाली कंडेन्स्ड मिल्कचा थर आणि थेंब थेंब पडणारी काळीकुट्ट रोबस्टा. बर्फ टाकून ढवळायची. आपल्या फिल्टर कॉफीची ही जरा आडदांड चुलत बहीण. खाण्यात फो नावाचं नूडल्सचं सूप, फ्रेंचांनी मागे ठेवलेल्या पावातलं बान्ह मी आणि तुकडा तांदळाचा भात. शाकाहाऱ्यांसाठी एकच शब्द पुरे : ‘चाय’. नाही, तो चहा नव्हे! इथे चाय म्हणजे शाकाहारी. बौद्ध मंडळी चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी चाय खातात, आपल्या उपासासारखं. त्यामुळे चायची पाटी लावलेली खानावळ गल्लोगल्ली सापडते. नुसतं ‘मांस नको’ म्हणालात तर मात्र भाजीत फिश सॉस येणार म्हणजे येणार.

नावात काय नाही?

तुमच्या सामानाच्या टॅगवर ‘एसजीएन’ लिहिलेलं असतं, म्हणजे सायगाव. शहराचं नाव १९७६ साली अधिकृतपणे हो ची मिन्ह सिटी झालं, पण नदी सायगाव, रेल्वे स्टेशन सायगाव, बिअर सायगाव. मुंबईकराला यात काही नवल वाटू नये. आपल्या टॅगवर अजून ‘बीओएम’च असतं की!

पण इथे नाव बदलण्यामागे एक आख्खं युद्ध आहे. १९५४ साली फ्रेंच हरले आणि जिनिव्हाच्या कराराने देशाचे दोन भाग झाले. उत्तरेत हनोईचं कम्युनिस्ट सरकार, दक्षिणेत अमेरिकेच्या पाठिंब्यावरचं सायगावचं सरकार. हा करार नीट पाळला जातोय का हे बघायला नेमलेल्या आंतरराष्ट्रीय आयोगाचं अध्यक्षपद भारताकडे होतं, सोबत कॅनडा आणि पोलंड. आयोगाला ते युद्ध काही थांबवता आलं नाही. ३० एप्रिल १९७५ ला उत्तरेचे रणगाडे सायगावात शिरले आणि ते संपलं. सरकारी भाषेत त्या दिवशी शहर ‘मुक्त’ झालं. जे बोटीत बसून पळाले त्यांच्या भाषेत त्या दिवशी शहर ‘पडलं’. ज्यांचं नाव शहराला दिलं ते हो ची मिन्ह १९११ साली इथल्याच बंदरातून बोटीवर काम धरून बाहेर पडले होते. ते या शहरात परत कधी आलेच नाहीत. १९६९ साली हनोईत वारले.

आणखी एक गोष्ट. आपण ज्याला व्हिएतनाम युद्ध म्हणतो, त्याला इथे अमेरिकन युद्ध म्हणतात. बरोबरच आहे. त्यांच्या देशात सगळीच युद्धं व्हिएतनामची. फ्रेंच वेगळे, अमेरिकन वेगळे, १९७९ सालचे चिनी वेगळे!

तो फॉरवर्ड आणि तो पुतळा

व्हिएतनामला जातोय म्हटलं की कुणीतरी काका तो मेसेज पाठवतातच. व्हिएतनामने अमेरिकेला हरवलं ते शिवाजी महाराजांचा गनिमी कावा वाचून, आणि म्हणून तिकडे महाराजांचा पुतळा आहे. वाचून छाती फुगते, पण याला कसलाही पुरावा नाही. महाराजांच्या मोठेपणाला या फॉरवर्डची गरजही नाही.

पुतळा बघायचाच असेल तर नदीकाठच्या मे लिन्ह चौकात जा. तिथे त्रान हुंग दाओ उभे आहेत, नदीकडे बोट दाखवत. १२८८ साली या सेनापतीने बाख दांग नदीच्या तळाशी टोकदार खांब रोवले. भरतीला मंगोलांची जहाजं आत ओढून घेतली आणि ओहोटी लागल्यावर ती खांबांवर फसवून जाळली. हीच युक्ती त्याच नदीवर ९३८ साली न्गो क्वेन यांनी चिनी आरमारावर वापरली होती. म्हणजे या मंडळींचा गनिमी कावा त्यांचा घरचाच, आणि हजार वर्षांचा.

गंमत पुढे आहे. हा पुतळा १९६७ साली उभारला तो दक्षिण व्हिएतनामच्या नौदलाने, म्हणजे हरलेल्या बाजूने. जिंकलेल्यांनी शहराचं नाव बदललं, रस्त्यांची नावं बदलली, पण हा पुतळा तसाच ठेवला. दोन्ही बाजूंना आपला वाटणारा माणूस या शहरात सहजी सापडत नाही. हा सापडला. फिरायला सुरुवात इथूनच करा.

ज्या राजवाड्यावर घरच्यांनीच बॉम्ब टाकले

शहराच्या मधोमध, गर्द झाडीत राष्ट्राध्यक्षांचा जुना राजवाडा आहे. राजवाडा म्हटल्यावर झुंबरं आणि घुमट डोळ्यांसमोर येत असतील तर विसरा. ही साठच्या दशकातली, सरळ रेषांची, मोकळ्या हवेची इमारत आहे. वास्तुकार न्गो व्हिएत थू, आणि दर्शनी भागावर बांबूच्या पेरांसारखे दिसणारे काँक्रीटचे खांब. जुन्या हिंदी सिनेमातल्या श्रीमंत बापाचं ऑफिस आठवतं. वर सिनेमाचा छोटा हॉल, बार. खाली तळघरात मात्र वातावरण पालटतं. अरुंद लोखंडी कॉरिडॉर, भिंतभर नकाशे, टेलिफोन, अवजड वायरलेस यंत्रं. कुणीतरी आत्ताच उठून गेल्यासारख्या खुर्च्या.

हिरवळीवर दोन रणगाडे आहेत. ३० एप्रिलच्या सकाळी ८४३ नंबरचा रणगाडा बाजूच्या फाटकात अडकला आणि ३९० नंबरचा मधलं फाटक तोडून आत शिरला. इथे ठेवलेत ते त्याच जातीचे दुसरे. सगळे त्यांच्यासमोर फोटो काढतात.

तुम्ही मात्र गच्चीवर जा. तिथे हेलिकॉप्टर आहे आणि फरशीवर दोन लाल वर्तुळं रंगवलेली आहेत. ८ एप्रिल १९७५ ला इथे बॉम्ब पडले. टाकणारा होता दक्षिणेच्याच हवाई दलाचा वैमानिक न्गुयेन थान्ह त्रुंग, जो आतून उत्तरेला मिळालेला होता. याच जागी आधी फ्रेंचांनी बांधलेला राजवाडा होता. त्यावर १९६२ साली बॉम्ब पडले, तेही दक्षिणेच्याच हवाई दलाच्या दोन वैमानिकांनी टाकलेले. त्यांचा राग होता तेव्हाचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांच्यावर. त्यानंतर हा नवा बांधायला घेतला आणि तो पुरा व्हायच्या आत, नोव्हेंबर १९६३ मध्ये, दिएम यांना त्यांच्याच सेनापतींनी मारलं.

अमेरिका विरुद्ध व्हिएतनाम एवढंच समीकरण डोक्यात घेऊन आलेल्या माणसाला ही गच्ची गोंधळात टाकते. टाकू दे. पुढच्या दोन दिवसांसाठी हा गोंधळ उपयोगी आहे.

जिथे कुणी मोठ्याने बोलत नाही

वो व्हान तान रस्त्यावरचं वॉर रेम्नंट्स म्युझियम. सोपं करून सांगायचं तर युद्धातून उरलेल्या गोष्टींचं संग्रहालय. अंगणात अमेरिकन विमानं, हेलिकॉप्टर्स, तोफा. एक पॅटन रणगाडाही आहे. १९६५ च्या खेमकरणमुळे हे नाव आपल्याकडे शाळेपासून पाठ असतं. पोरं तोफेवर हात टेकवून फोटो काढत असतात. आत गेल्यावर मात्र कॅमेरे आपोआप खाली जातात.

या संग्रहालयाच्या नावाची हकिगतच वाचण्यासारखी आहे. सप्टेंबर १९७५ मध्ये ते सुरू झालं तेव्हा नावात ‘अमेरिकन आणि त्यांच्या बाहुल्यांचे गुन्हे’ असे शब्द होते. बाहुले म्हणजे सायगावचं सरकार. १९९० साली अमेरिका आणि बाहुले दोन्ही शब्द गेले, नुसते ‘गुन्हे’ राहिले. १९९५ साली अमेरिकेशी राजनैतिक संबंध सुरळीत झाले आणि गुन्हेही गेले, उरले ‘अवशेष’. फोटो बरेचसे तेच. पाटी तेवढी धंद्याला, मैत्रीला, पर्यटनाला सोयीची होत गेली.

एजंट ऑरेंजचं दालन बघायला हिंमत लागते. शत्रूला लपायला जंगल राहू नये आणि खायला पीक राहू नये म्हणून अमेरिकेने १९६१ ते १९७१ या काळात सात कोटी लिटरहून जास्त तणनाशक विमानांतून फवारलं. त्यातल्या सर्वाधिक वापरलेल्या रसायनाच्या पिंपावर नारिंगी पट्टा असायचा, म्हणून हे फळाचं नाव. त्यात डायॉक्सिन होतं. भिंतीवर मुलांचे फोटो आहेत. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनी जन्मलेल्या मुलांचे. त्यांचं वर्णन मी इथे करणार नाही. एवढंच सांगते की शहराला लागून असलेल्या बिएन होआच्या विमानतळावरची विषारी माती साफ करायचं काम आजही संपलेलं नाही. युद्ध १९७५ ला संपलं असं आपण वाक्यात लिहितो, मातीला ते माहीत नसतं.

दुसरं दालन फोटोग्राफर्सचं. हिंद-चीनमधल्या युद्धांत दोन्ही बाजूंनी मिळून सव्वाशेहून जास्त फोटोग्राफर मेले किंवा बेपत्ता झाले. त्यांनी काढलेले फोटो टिम पेज आणि हॉर्स्ट फास या दोघा सहकाऱ्यांनी गोळा केले. रॉबर्ट कापा १९५४ साली सुरुंगावर पाय पडून गेला. लॅरी बरोज १९७१ साली लाओसवर हेलिकॉप्टर पाडलं गेलं त्यात गेला. त्यांच्या शेजारी उत्तरेच्या बाजूने कॅमेरा घेऊन जंगलात राहिलेले व्हिएतनामी फोटोग्राफर्स. अख्ख्या इमारतीत दोन्ही बाजू एकाच भिंतीवर दिसतात त्या इथे.

तिथेच कोन दाओ बेटावरच्या ‘वाघाच्या पिंजऱ्यां’ची नक्कल आहे. हे कैदखाने बांधले फ्रेंचांनी, वापरले सायगावच्या सरकारने, आणि १९७० साली अमेरिकन पाहुण्यांनी ते उघडकीला आणले. जुलूम करणारे व्हिएतनामी, सोसणारे व्हिएतनामी. उलटा प्रश्न मात्र या इमारतीत सापडत नाही. १९७५ नंतर हरलेल्या बाजूच्या लाखोंना ‘पुनर्शिक्षण’ छावण्यांत नेलं. थोडे दिवस सांगून नेलेले कित्येक जण वर्षानुवर्षं अडकले. सुमारे ८ लाख माणसं पुढच्या वीस वर्षांत समुद्रातून होड्यांनी दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागली. किती वाटेत बुडाली त्याची मोजदादच नाही. त्यांचं दालन इथे नाही.

चालत चालत, चार पत्ते

संग्रहालयातून बाहेर पडल्यावर लगेच टॅक्सीत बसू नका. थोडं चाला. या शहराची सगळ्यात बोलकी युद्धस्थळं तिकिटाशिवायची आहेत.

दहाएक मिनिटांवर, न्गुयेन दिन्ह चिएउ आणि काख मांग थांग ताम या रस्त्यांच्या चौकात एका भिक्षूचा ब्राँझचा पुतळा आहे. ११ जून १९६३ ला थिच क्वांग दुक यांनी याच चौकात पद्मासनात बसून स्वतःला पेटवून घेतलं. दिएम यांच्या सरकारने बौद्धांवर चालवलेल्या दडपशाहीचा निषेध म्हणून. मॅल्कम ब्राऊनने काढलेला तो फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असतो. आज चौकात हॉर्न वाजत असतात आणि एखादी आजी उदबत्ती लावून स्कूटरवरून निघून जाते.

दुसरा पत्ता, ७, ली चिन्ह थांग. ‘फो बिन्ह’ नावाचं नूडल्सचं दुकान. बिन्ह म्हणजे शांतता. खाली अमेरिकन सैनिक सूप प्यायचे आणि वर माडीवर व्हिएतकाँगचे लोक नकाशे पसरून बसायचे. ३१ जानेवारी १९६८ ला, व्हिएतनामी नववर्षाच्या म्हणजे तेतच्या सुट्टीत सायगावात एकाच वेळी हल्ले झाले. त्यांचा हुकूम सुटला तो या माडीवरून. त्या रात्री १९ जण अमेरिकन वकिलातीच्या भिंतीला भगदाड पाडून आत शिरले. वकिलातीची ती इमारत १९९८ साली पाडली. आता त्याच आवारात अमेरिकेचं कॉन्सुलेट आहे आणि बाहेर फुटपाथवर व्हिसासाठी आलेली तरुण मुलं फाइली छातीशी धरून उभी असतात. आपल्या बीकेसीतल्यासारखीच.

शेवटचा पत्ता, २२, ली तू त्रोंग. गच्चीवरून शिडीने हेलिकॉप्टरकडे चढणारी माणसांची रांग, हा फोटो जगाने अमेरिकन वकिलातीचा म्हणून पाहिला. तो या साध्या अपार्टमेंटचा आहे. २९ एप्रिल १९७५ ला डच फोटोग्राफर ह्यूबर्ट व्हॅन एस याने काढलेला. त्या शेवटच्या दोन दिवसांत हेलिकॉप्टरांनी साधारण ७ हजार लोक बाहेर काढले. रांगेत राहिलेल्यांचं काय झालं हे फोटोत येत नाही. शेजारीच आता चकाचक मॉल आहे.

कु ची : जमिनीखालचं गाव

कु ची न बघता परत आलात तर ऑफिसात कुणी विश्वास ठेवणार नाही. शहरापासून दीड-दोन तासांवर जमिनीखाली २०० किलोमीटरहून लांब बोगद्यांचं जाळं आहे. फ्रेंचांविरुद्ध चाळीसच्या दशकात खणायला सुरुवात झाली आणि अमेरिकनांविरुद्ध ते तीन मजली खोल झालं. आत स्वयंपाकघरं, दवाखाने, विहिरी, बैठकीच्या खोल्या. चुलीचा धूर एकदम वर येऊ नये म्हणून तो बाजूच्या चरांमधून फिरवून, पसरवून सोडायचा. हवेची भोकं वारुळात लपवायची. अमेरिकेच्या २५ व्या डिव्हिजनने तळ टाकला तो नेमका या जाळ्याच्या डोक्यावर.

पर्यटकांसाठी बोगद्याचा एक तुकडा रुंद केलाय, दर थोड्या अंतरावर बाहेर पडायची वाटही आहे. तरीही ओणवं होऊन वीस-तीस पावलं गेलात की घामाने अंग निथळतं आणि छातीत धडधडतं. इथे माणसं महिनोन् महिने राहिली. वर बी-५२ विमानांचे बॉम्ब पडत असताना राहिली, बाळंत झाली. बाहेर आलात की उकडलेला कंद आणि शेंगदाणे-तिळाचं कूट समोर येतं. चव ओळखीची वाटते, कारण हा कंद म्हणजे कसावा. आपला साबुदाणा याचाच. आपण उपासाला खातो, ते युद्धात तेच खाऊन जगले.

आणि मग तो आवाज येतो. धाड्, धाड्, धाड्. खऱ्या गोळ्यांचा. कु चीला शूटिंग रेंज आहे. एके-४७ घ्या, एम-१६ घ्या, गोळ्या मोजून विकत. कानाला पट्टा लावून सुट्टीवर आलेली मंडळी नेम धरतात, मित्र व्हिडिओ काढतात. बोगद्यातून मुंडी वर काढताना, बांबूच्या भाल्यांचा खड्डा बघताना, कंद खाताना हा आवाज मागे चालूच असतो. कुणाला हे भन्नाट वाटतं, कुणाला किळसवाणं. मला जास्त खटकली ती आमच्या गाइडची सवय. प्रत्येक गोळीला आम्ही दचकत होतो आणि तो वाक्यही न तोडता बोलत होता.

गाइड पस्तिशीतला, विनोदी. अमेरिकन पर्यटकांना हसवायचे त्याचे जोक ठरलेले. परतीच्या बसमध्ये बाकीचे झोपले तेव्हा मी त्याला विचारलं, तुमच्या घरातलं कुणी या बोगद्यात होतं का? तो म्हणाला, आजीचे दोन मुलगे युद्धात गेले. थोरला इकडून लढला, धाकटा दक्षिणेच्या सैन्यातून. थोरल्याचं सरकारी मानपत्र भिंतीवर आहे, आजीला पेन्शन मिळायची. धाकट्याचं काहीच नाही. पण देव्हाऱ्यात फोटो दोघांचे शेजारी शेजारी, आणि आजी उदबत्ती लावताना दोघांना सारखीच लावायची. मग त्याने माइक घेतला आणि सगळ्यांना उठवून पुढच्या स्टॉपची माहिती द्यायला सुरुवात केली.

कु चीच्या दोन जागा आहेत. बहुतेक टूर्स जवळच्या बेन दिन्हला नेतात. जमलं तर लांबच्या बेन दुओकला जा. गर्दी कमी, आणि तिथे एक स्मृतिमंदिर आहे. भिंतीवर ४४ हजारांहून अधिक नावं कोरलेली. या एका शहराच्या परिसरात पडलेल्यांची. बघत बघत चालायला लागलं की पाय आपोआप मंदावतात. थोरल्यासारख्यांची नावं इथे आहेत. धाकट्याचं नाव शोधायला या देशात कुठलीच भिंत नाही.

परतीचा हमरस्ताही साधा नाही. हाच रस्ता उलट्या दिशेने कंबोडियाकडे जातो आणि वाटेत ट्रांग बांग लागतं. ८ जून १९७२ ला नापामने भाजलेली नऊ वर्षांची किम फुक याच रस्त्यावरून धावत आली होती. आता दुतर्फा टायरची दुकानं, कॉफीच्या टपऱ्या आणि झुल्यात डुलकी काढणारे ट्रकवाले.

मग मजा करायची की नाही?

करायची! सायगाव काही सुतकात बसलेलं शहर नाही. इथल्या बहुसंख्य लोकांचा जन्मच १९७५ नंतरचा. १९८६ साली सरकारने ‘दोई मोई’ म्हणजे आर्थिक सुधारणा आणल्या आणि तेव्हापासून या शहराने मागे बघायला फारसा वेळ काढलेला नाही. ८१ मजल्यांचा टॉवर झाला, डिसेंबर २०२४ मध्ये बेन थान्ह बाजारापासून पहिली मेट्रो धावली. अमेरिकन पर्यटकाशी लोक हसून बोलतात, भावही तेवढाच चढा सांगतात. इंग्रजी क्लासला जाणारी कॉलेजची पोरं पार्कमध्ये तुम्हाला गाठून गप्पा मारतात. त्यांना शाहरुख माहीत असतो, पगार किती ते विचारायचं असतं. युद्धाचा विषय काढलात तर शाळेत शिकवलं होतं म्हणतात, आणि मग हळू आवाजात घरातली कुठलीतरी वेगळीच गोष्ट सांगतात.

ती वेगळी गोष्ट ऐकायला वेळ ठेवा. राजवाडा, संग्रहालय, बोगदे हे दोन दिवसांत उरकतं. तिथे जे सांगितलंय ते खोटं नाही, ते भयंकर आहे आणि जगाने बघायला हवं. फक्त ते जिंकलेल्यांनी मांडलेलं आहे. अमेरिकेने आपल्या ५८ हजारांवर मृतांची नावं वॉशिंग्टनमध्ये काळ्या दगडावर कोरली. हनोईने आपल्या शहिदांसाठी गावोगावी स्मारकं बांधली. सायगावच्या बाजूने लढलेले दोन लाखांहून जास्त व्हिएतनामी सैनिक मेले, त्यांच्यासाठी त्यांच्याच देशात आहे ती फक्त घरोघरची उदबत्ती. ती बघायला तिकीट नसतं. कॉफीवाल्या काकूंशी, हॉस्टेलच्या मावशींशी, स्कूटर टॅक्सीवाल्याशी थोडा दम धरून बोलावं लागतं.

जाताय? मग हे वाचा

कसं जाल : मुंबईहून थेट विमान आहे. विमानतळ तान सोन न्हात, शहराच्या पोटातच. घड्याळ दीड तास पुढे करा.

व्हिसा : ई-व्हिसा घरबसल्या काढता येतो. अर्जातलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवा.

कधी : डिसेंबर ते मार्च. पाऊस नाही, उकाडा सहन होतो. जानेवारी-फेब्रुवारीत तेत येतो, तेव्हा आठवडाभर निम्मं शहर बंद.

पैसे : एका रुपयाला साधारण ३०० डाँग, त्यामुळे पहिल्याच दिवशी लखपती. २० हजार आणि ५ लाखाच्या नोटा दोन्ही निळसर. घाईत अदलाबदल होते, वेगळ्या कप्प्यात ठेवा.

पत्ता सांगताना : जुलै २०२५ मध्ये शहराची ‘डिस्ट्रिक्ट’ ही रचना रद्द झाली आणि शेजारचे दोन प्रांत शहरात आले. गाइडबुकात मात्र डिस्ट्रिक्ट १, डिस्ट्रिक्ट ३ असंच असतं. रस्त्याचं नाव आणि नंबर सांगा, अडणार नाही.

फिरायला : शहरात अॅपवरची स्कूटर टॅक्सी सगळ्यात स्वस्त. हेल्मेट मागून घ्या. कु चीला टूर नको असेल तर सिटी बस बदलून जाता येतं, पण पूर्ण दिवस हाताशी ठेवा.

क्रम : राजवाडा सकाळी, संग्रहालय दुपारी, आणि त्यानंतर संध्याकाळ मोकळी ठेवा. त्याच दिवशी कु ची उरकायच्या भानगडीत पडू नका.

घरची आठवण आली तर : बेन थान्ह बाजारापासून चालत, ४५, त्रुओंग दिन्ह रस्त्यावर मरिअम्मनचं देऊळ आहे. एकोणिसाव्या शतकात व्यापारासाठी आलेल्या तमिळ लोकांनी बांधलेलं. आज तिथे सगळ्यात जास्त गर्दी व्हिएतनामी भक्तांची असते. नवस बोलतात, भिंतीला कपाळ टेकवतात. कुणाकुणासाठी, ते त्यांनाच ठाऊक.